मतं खाणारी बाई

सोमवार, ४ मार्च

आज अर्ज भरला. आता माघार नाही.

निवडणूक कचेरीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "व्यवसाय?"

"पत्रकार."

"सध्या?"

"सध्या राजीनामा दिलाय."

"मग काय लिहू, बेकार की गृहिणी?"

शेजारी उभा असलेला वकील खो-खो हसला. मी म्हटलं, "माजी पत्रकार लिहा." त्यानं 'माजी' लिहिलं, पेन चालेना म्हणून झटकलं, आणि दुसरं शोधायला आत गेला. तेवढा वेळ मी नुसतीच माजी होते.

वकील म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र. संपादकानं माझी इस्पितळाची बातमी दाबली, मी त्याच्या टेबलावर राजीनामा आपटला, त्यानंतर घरी येऊन चौकशी करणारा हा एकटाच. बाकीचे सहकारी रस्ता बदलून जातात. बातमी काय होती? सरकारी इस्पितळाची जमीन साहेबांच्या पुतण्याच्या कंपनीच्या घशात जाणार. साहेब म्हणजे आमचे खासदार. दर निवडणुकीला हात जोडून येतात आणि निवडून आले की हात धुऊन मागे लागतात. वकीलच म्हणाला, "छापत नाहीत ना? मग संसदेत उभी राहून वाच." मला हे आधी कसं सुचलं नाही?

नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर. दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालून आयुष्य काढलंय, त्यामुळे समोरचा बोलत असला की उत्तराची त्याला घाई नसते. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पण तिकडून मोठी सिस्टर उभ्या आहेत ना?"

आहेत. मग? मोठी सिस्टर त्याच इस्पितळातली हेड नर्स. नर्सेसचा संप झाला तेव्हा तिला पहिल्या पानावर आणलं कोणी? मी. माइकसमोर हात कुठे ठेवायचे हेसुद्धा मीच सांगितलं. आज विरोधी पक्षानं तिला तिकीट दिलंय. मला कोणी विचारलंही नाही. मी मागितलं नव्हतंच म्हणा. त्यांच्या अध्यक्षांकडे फक्त दोनदा चहाला गेले होते.

शुक्रवार, ८ मार्च

प्रचाराचं ऑफिस मिळालं. चपलांचं बंद पडलेलं दुकान आहे. वकिलानं मिळवलं. सगळे आरसे घोट्याच्या उंचीला, त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येकाचे आधी पाय दिसतात. आज फार पाय आले नाहीत.

चिन्ह म्हणून कात्री मागितलीय. सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "आधीच तुझी जीभ, त्यात कात्री. वेगळी शोधायला नको."

दुपारी टेम्पो आला. पत्रकं, पोस्टर, कापडी फलक. माझा चेहरा पुरुषभर उंच. उगाच कशाला खोटं लिहू, बघून बरं वाटलं. तेवीस वर्षं मी लोकांचे फोटो छापले. माझा कधी आला नाही.

नवरा क्लिनिक बंद करून आला, एक पोस्टर उचलून त्याचा कागद चिमटीत धरून बघितला. "भारी आहे. हे कोणी छापलं?"

"वकील बघतो ते."

"म्हणजे पैसे कुठून?"

"मित्रमंडळी आहेत. चांगल्या कामाला मदत करणारी माणसं जगात असतात, हे तुला पटत नाही का?"

"मला पटायचा प्रश्न नाही. पूर्वीची तू असतीस तर विचारलं असतंस."

"मी आहेच की इथं!"

"हो," म्हणाला आणि पोस्टर परत गठ्ठ्यावर ठेवलं, अगदी सरळ, कडेला कड जुळवून. हा माणूस भांडतही नीट नाही.

सोमवार, ११ मार्च

पहिली पदयात्रा. वकिलानं आखली. सुरुवात नर्सेसच्या वसाहतीतून, मग इस्पितळामागच्या चाळी, मग कापड गिरणीचे लोक. मी म्हटलं, टेकडीवर साहेबांचा बालेकिल्ला आहे, तिथं पहिल्याच दिवशी घुसू. तर म्हणतो, "दगडावर डोकं कशाला आपटतेस? जिथं तुझा शब्द चालतो तिथं जा. हे लोक तुला ओळखतात." बरोबर आहे त्याचं. डावपेच त्याला कळतात.

ओळखतात हे खरं. एका इस्त्रीवाल्यानं गरम इस्त्री हातात तशीच धरून विचारलं, "तुम्ही तर आमच्या बाजूच्या ना? मग सिस्टरच्या विरोधात कशा?" मी म्हटलं, मी कोणाच्याच विरोधात नाही, साहेबांच्या विरोधात आहे. "मग तिकडं जा की," म्हणाला आणि शर्टाची कॉलर दाबायला लागला. पुढच्या गल्लीत वरच्या मजल्यावरून बादलीभर पाणी आलं. धुण्याचं होतं. साबणाचा वास दिवसभर अंगाला येत राहिला.

साहेबांची माणसं मात्र सभ्य. चौकात त्यांचा मांडव होता. आमची गाडी बंद पडली तर चार जण येऊन ढकलायला लागले. एकानं मला गार पाण्याची बाटली दिली. घाबरलेत, दुसरं काय!

रविवार, १७ मार्च

सकाळी दारात मोठी सिस्टर. एकटी, हातात पर्स, पायात तेच पांढरे बूट. निवडणुकीसाठी नोकरी सोडली तरी बूट सुटले नाहीत.

बस म्हटलं तर बसली नाही. सासूबाईंनी मात्र तिला पाहताच गुडघा पुढे केला. सिस्टर खाली वाकली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितला, म्हणाली, "आजी, सूज उतरलीय. जिना टाळताय ना?" आमच्याच घरात, माझ्यासमोर प्रचार!

मग माझ्याकडे वळली. "बाई, उद्या अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस."

"घेताय का मागे?"

ती हसली नाही. "तुम्ही आणि मी एकाच घरात मतं मागतोय. साहेबांच्या घरात कोणीच मागत नाहीये. याचा अर्थ तुम्हाला कळतो. मला हे राजकारण शिकवलं तुम्हीच."

"मग शिष्येनं गुरूला जागा द्यावी."

"माझी एकटीची असती तर दिली असती. माझ्यामागे पक्ष आहे, बायका आहेत, त्यांनी घराघरातून..."

"माझ्यामागे कोणी नाही, म्हणूनच मी उभी आहे. लोकांना स्वतंत्र माणूस हवाय."

"लोकांना बाळंतपणाचा वॉर्ड हवाय," ती म्हणाली. "साहेब परत आले की पहिला तो जाईल. तुम्हीच लिहिलं होतंत. छापलं नाही त्यांनी, पण मला वाचायला दिलं होतंत ना? मी रडले होते वाचून."

इथं मी थांबायला हवं होतं असं नवरा नंतर म्हणाला. पण कोणी आपलंच लिहिलेलं आपल्या तोंडावर फेकलं तर कोण थांबेल? मी म्हटलं, "फोटोपुरतं ठीक होतं, सिस्टर. संसदेत जाऊन काय मंत्र्यांचं बीपी मोजणार आहात?"

नवरा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्यानं डोळे मिटले.

सिस्टरनं पर्स खांद्याला लावली. "मोजलेलं बरं असतं, बाई. तुमचं वाढलंय."

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, निदान चहा तरी विचारायचास. घरी आलेल्या माणसाला पाणी नाही विचारलंस आणि मतं मागतेस?"

सोमवार, १८ मार्च

मुदत संपली. मी आहे.

सकाळी नवऱ्यानं एकदाच सांगून बघितलं. "अजून वेळ आहे. मागे घेतलास तर कोणी हसणार नाही." मी विचारलं, "तुझे पेशंट कमी झाले म्हणून सांगतोयस?" तो म्हणाला, "झालेत कमी. पण म्हणून नाही." मग कशासाठी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, वकील खाली हॉर्न वाजवत होता.

वकील दिवसभर माझ्यासोबत बसून होता. बाहेर जाऊ दिलं नाही. माझा फोनसुद्धा स्वतःकडे ठेवला, म्हणाला, लोक फोन करकरून तुझं मन वळवतील. मुदतीची वेळ टळली तसा कोपऱ्यात जाऊन कोणाला तरी फोन लावला, "झालं" एवढंच बोलला, आणि परत आला तेव्हा घामानं भिजला होता. माझ्यासाठी इतका जीव टाकणारा माणूस सख्ख्यांत नाही.

रविवार, २४ मार्च

आज इस्पितळाच्या दाराशी सभा होती. नर्सेस ओळीनं उभ्या राहिल्या आणि मी बोलायला लागताच सगळ्यांनी पाठ फिरवली. पाठींची भिंतच. मग मागून कोणीतरी ओरडलं, "मतं खाणारी!" तेवढं पुरलं. "मतं खाणारी बाई, परत जा!" ताल धरून, टाळ्या वाजवून. मी माइकवर ओरडत होते, तर माझाच आवाज मला ऐकू येईना.

यांच्यासाठी मी नोकरी सोडली! यांच्याच पगाराच्या बातम्या देताना मालकाच्या शिव्या खाल्ल्या! कृतघ्न सगळ्या. सिस्टरनं पढवल्याशिवाय हे होत नाही. हातांचं काम मीच शिकवलं होतं, आता पाठीचंही शिकली.

क्लिनिकवरची दाताची पाटी कोणीतरी फोडली. नवरा शिडीवर चढून उरलेला तुकडा काढत होता. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. "कशाला?" म्हणाला. "किडका होताच तो." त्याला वाटलं मी हसेन. मला नाही हसू आलं. गेले आठ दिवस आम्ही फक्त दुधाबद्दल आणि किल्ल्यांबद्दल बोलतोय.

मंगळवार, २ एप्रिल

व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांना बोलावलं होतं. साहेब आले नाहीत, प्रकृतीचं कारण. सिस्टर चांगली बोलली. म्हणजे साधं बोलली, लोकांना तेच चांगलं वाटतं. मी आकडे दिले, पुरावे दिले, जमिनीचा सगळा व्यवहार उलगडून ठेवला. मला टाळ्या जास्त.

मग प्रश्नोत्तरं. माझ्याच जुन्या पेपरातली वार्ताहर उठली. हिला पहिली बातमी लिहायला मी शिकवली, हिची पहिल्या वाक्यातली विशेषणं मी खोडली. ही विचारते, "बाई, तुमच्या प्रचाराचा खर्च कोण करतं?"

माझ्याच प्रश्नानं माझ्यावर उलटली. मी म्हटलं, "तुझ्या पेपरचा खर्च कोण करतं ते आधी मालकाला विचार, आणि त्यानं सांगितलं तर मला कळव." हॉल हशानं भरला. वकिलानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पोरगी लाल झाली, पण बसली नाही. "ते मी विचारेन," म्हणाली. "आता तुम्हाला विचारतेय." अध्यक्षांनी पुढचा प्रश्न घेतला.

घरी येताना वकिलाला म्हटलं, "एकदा मला हिशेब दाखव रे, तोंडावर मारायला बरा." तो म्हणाला, "मतदान होऊ दे, बसू निवांत." बरोबर आहे. आत्ता वेळ कुठे आहे!

शुक्रवार, १२ एप्रिल

मतदान झालं. सासूबाईंना खुर्चीत बसवून नेलं. बाहेर आल्यावर विचारलं, "आई, कात्रीवर ना?" तर म्हणाल्या, "डोळ्याला दिसलं ते दाबलं." यांना सुईत दोरा ओवता येतो!

जेवताना नवरा म्हणाला, "तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मी सिस्टरला दिलं."

मी ताट सरकवलं. "माझा नवरा असून?"

"नवरा आहे म्हणूनच. तू निवडून यावंस असं वाटलं असतं तर दिलं असतं. तू निवडून येणारच नव्हतीस. प्रश्न फक्त तुझ्यामुळे कोण पडणार हा होता."

"सरळ सांग ना, बायको मोठी झालेली बघवत नाही."

त्यानं माझं ताट उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि झाकून ठेवलं. मला आज त्याचा जितका राग आला तितका साहेबांचाही कधी आला नाही.

मंगळवार, १६ एप्रिल

हरले. डिपॉझिटही गेलं.

नुसती हरले असते तर बरं. साहेब आले. सिस्टर पडली. आणि ती जितक्यानं पडली त्याच्या जवळजवळ दुप्पट मतं मला होती. फळ्यावर तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले होते, शाळेतल्या वजाबाकीसारखे. मला गणित कधी जमलं नाही, पण हे जमलं.

मतमोजणीच्या हॉलमध्ये मी खांबाला टेकून उभी होते. गुलाल, हार, फटाके, आणि मधून वाट काढत साहेब थेट माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा. माझे दोन्ही हात हातात घेतले. हात मऊ आहेत त्यांचे, बाळाच्या टाळूसारखे.

"ताई," म्हणाले, "तुमच्यासारखी तत्त्वाची माणसं राजकारणात हवीत. पुढच्या वेळीही उभ्या राहा हं."

सगळे हसले. त्यांच्या मागे, खांद्याला खांदा लावून, गळ्यात हार घातलेला वकील होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हार नीट केला.

सिस्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. रडणाऱ्या बायकांना ती पाणी देत होती.

गुरुवार, १८ एप्रिल

वकिलाच्या चेंबरमध्ये गेले. मला बघून त्यानं दार लावून घेतलं नाही, की ओशाळला नाही. चहा मागवला.

"पोस्टर कोणी छापली?"

"अगं, आता काय उपयोग?"

"कोणी?"

"पुतण्याचा छापखाना आहे. दुकानही त्यांचंच. गाडीही." मग खुर्ची पुढे ओढून, अगदी मित्रासारखा म्हणाला, "तू कधी विचारलंसच नाही ग. तेवीस वर्षं दिसेल त्याला हाच प्रश्न विचारत फिरलीस. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू गप्प आहेस. मी म्हटलं, शहाणी झाली."

मी त्याच्या अंगावर चहा फेकला. गार झाला होता. रुमालानं टाय पुसत तो म्हणाला, "चहा हवा तेवढा फेक, पण आपली मैत्री तोडू नकोस."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं, 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणेल. त्यानं तेही म्हटलं नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

सोमवार, २२ एप्रिल

त्या वार्ताहर पोरीला फोन केला. म्हटलं, ये, सगळं सांगते, माझ्या नावानिशी. आली. अडीच तास लिहून घेत होती, एकदाही 'बिचारी' असा भाव तोंडावर आणला नाही. शेवटी विचारलं, "कागद आहे काही? बिल, पावती, चिठ्ठी?"

काही नाही. सगळा व्यवहार तोंडी, आणि तोंड वकिलाचं.

"मग फक्त तुमचा शब्द," म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत, एका शब्दावर बातमी होत नाही."

"संपादकाला विचारून तर बघ."

"विचारलं. हसले."

मंगळवार, ३० एप्रिल

बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला. 'दुरुस्तीसाठी' अशी पाटी लावली आहे. दुरुस्तीला कोणी खाटा विकायला नेत नाही.

का गेले माहीत नाही. दाराशी लोखंडी बाकावर सिस्टर बसली होती. आता नर्सही नाही, उमेदवारही नाही. तरी येते. वॉर्ड बंद झाल्याचं न कळता येणाऱ्या बायकांना नदीपलीकडच्या इस्पितळाची वाट सांगते, गाडी करून देते.

"बातमीला आलात?" तिनं विचारलं.

"मला पेपर नाही आता."

"मग?"

मी वकिलाचं सांगायला सुरुवात केली. तिनं हात वर केला. "माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत होतं, बाई. पाठ कशासाठी फिरवली मुलींनी? मी तर त्यांना नको म्हणाले होते."

मी म्हटलं, माझी चूक झाली. हे वाक्य मी पूर्वी कधी म्हटल्याचं आठवत नाही. त्याचा काही परिणाम झाला नाही. ती रस्त्याकडे बघत होती.

"माझ्या आईनं तुम्हाला मत दिलं," ती म्हणाली.

"मला? का?"

"म्हणाली, तुला काय, सगळे देतील. त्या बाईला कोण देणार? एक असू दे आपलं." सिस्टरनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "अशी किती असतील काय माहीत. तुम्हाला वाटतं तुम्ही लोकांना पटलात म्हणून मिळाली. काहींना तुमची दया आली."

एवढं जिव्हारी लागणारं मला मतमोजणीच्या हॉलमध्येही कोणी बोललं नव्हतं. मी निघालेच होते, तेवढ्यात टॅक्सी येऊन थांबली. आत एक बाई, दिवस भरलेली, कळा सुरू झालेल्या. सोबत म्हातारी आई, भांबावलेली. सिस्टरनं दार उघडलं, पोटावर हात ठेवला, ड्रायव्हरला म्हणाली, "पूल ओलांडून डावीकडे, हॉर्न वाजवत जा." दुसरी गाडी मागे येतच होती, त्यातही तसंच कोणी. मग माझ्यावर खेकसली, "बघताय काय? बसा हिच्याबरोबर!"

मी बसले. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. त्या बाईनं माझं मनगट असं धरलं की हाड करकरलं. कळ आली की ती शिव्या द्यायची. नवऱ्याला, ड्रायव्हरला, उन्हाला. मग म्हणाली, "घरापासून हाकेच्या अंतरावर होतं आमचं इस्पितळ. ज्यांनी ज्यांनी बंद पाडलं त्यांचं वाटोळं होऊ दे!"

मी खिडकीतून नदीकडे बघितलं.

"म्हणा ना तुम्ही पण!" तिनं मनगट पिळलं. "वाटोळं होऊ दे त्यांचं! म्हणा!"

"वाटोळं होऊ दे," मी म्हटलं.

"मोठ्यानं!"

मी मोठ्यानं म्हटलं. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. म्हातारी मान डोलवत होती. पूल संपेपर्यंत, कळ आली की आम्ही दोघी तेच म्हणत होतो.